मार्लीन हेडलीची राहिलेली माणसं

विनरिग गावात माणसाला कमरेच्या खाली आणि मांड्यांच्या वर काही नसतं, असं धरून चालतात. खाण चालू होती तेव्हाही तसंच होतं, आणि खाण बंद होऊन एक पिढी उलटली तरी त्यात फरक पडलेला नाही. गुडघा दुखला तर गावभर कळतं. छातीत दुखलं तर क्लबात त्यावर संध्याकाळभर चर्चा होते. पण त्यामधलं काही बिघडलं, तर माणूस 'जरा बरं नाही' एवढंच म्हणतो, आणि समोरचा त्याला दुसरा प्रश्न विचारत नाही. यालाच गावात चांगलं वळण म्हणतात.

अशा गावात लोकांना त्यांच्या शौचाबद्दल विचारायचं काम मार्लीन हेडलीकडे आलं.

मार्लीन दवाखान्याच्या खिडकीवर बसायची. फोन घ्यायचा, डॉक्टरांची वेळ द्यायची आणि वेळ शिल्लक नाही असं सांगायचं, ही तिची कामं. त्यातलं तिसरं सगळ्यात जास्त. तिचा आवाज मोठा होता, पण चिडका नव्हता. साठीला आलेली, दणकट बांध्याची, नवऱ्याशी बऱ्याच वर्षांपूर्वी फारकत घेतलेली बाई. 'नाही' हा शब्द ती अशा तऱ्हेनं म्हणायची, की माणूस आभार मानून फोन ठेवायचा.

पन्नाशी उलटली की सरकार दर दोन वर्षांनी घरी एक पाकीट पाठवतं. त्यात बोटाएवढी बाटली असते, तिच्या झाकणाला काडी असते. काडी आपल्या शौचाला लावायची, बाटलीत परत खोचायची आणि पोस्टात टाकायची. तिकीटसुद्धा लावावं लागत नाही. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यातून कळतं, आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर असला तर तो हाताबाहेर जायच्या आधी सापडतो. यात अवघड असं काहीच नाही. तरीही निम्मं विनरिग ती पाकिटं परत पाठवत नसे.

नवे डॉक्टर इब्राहिम आले, तेव्हा त्यांनी संगणकावरून ज्यांची पाकिटं परत आली नव्हती अशांची यादी काढली. कागद प्रिंटरमधून बराच वेळ बाहेर येत राहिला.

"मार्लीनबाई, यांना फोन करायला हवेत," डॉक्टर म्हणाले. "मी केला तर ते घाबरतील."

"आणि मी केला तर?"

"जास्त घाबरतील. पण ऐकतील."

त्या दिवसापासून ती यादीतल्या लोकांना 'माझी राहिलेली माणसं' म्हणू लागली.

पाकिटं लोक कुठे ठेवतात, हे तिला थोड्याच दिवसांत पाठ झालं. घड्याळामागं, जुन्या बॅटऱ्यांच्या खणात, आणि एका घरी तर डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. टीव्हीवर घोड्यांची शर्यत चालू असताना ती पुरुषांना फोन करायची नाही. आधी बागेतल्या कांद्यांची चौकशी, मग कुत्र्याची, मग गुडघ्याची, आणि माणूस जरा सैल पडला की, "बरं, तुमचं ते राहिलंय हो." एकानं तिला शपथेवर सांगितलं की मी पाठवलंय, त्यानं खरंच पाठवलं होतं, पण बाटली रिकामी होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, परक्या माणसाला असलं काही पाठवणं बरं दिसत नाही.

जे फोन उचलत नसत त्यांना ती खाटकाकडे गाठायची. शनिवारी सकाळी खाटकाच्या दुकानात सगळं गाव रांगेत असतं आणि रांग सोडून कुणी पळू शकत नाही.

"मिसेस प्रॉक्टर, तुमचं अजून आलं नाही हो."

"काय आलं नाही?"

"ते."

"अगं बाई! हळू बोल की."

"मी हळूच बोलतेय. मोठ्यानं बोलले तर काय म्हणेन ते ऐकायचंय का?"

मिसेस प्रॉक्टरचं पाकीट त्याच आठवड्यात गेलं. रांगेत पुढे-मागे उभी असलेली आणखी काही जणंही गुपचूप मोकळी झाली.

हे सगळं ती पगारासाठी करते असं वाटणारे लोकही होते. तिचे वडील जॅक हेडली याच दुखण्यानं गेले होते. त्यांच्या वेळी असलं पाकीट नव्हतं. "असतं तरी त्यांनी ते घड्याळामागंच ठेवलं असतं," असं मार्लीन म्हणायची, आणि पुढचा फोन लावायची.

यादी आखडत आली. पण एक माणूस तिच्या हाती लागेना, आणि नेमका तोच तिला सगळ्यात जवळचा होता. मॅटी फेनविक.

मॅटी तिच्या वडिलांचा खाणीतला जोडीदार. दोघं एकाच पाळीला, एकाच लोखंडी पाळण्यातून खाणीत खाली उतरायचे. मार्लीन लहानपणापासून त्याला काका म्हणायची आणि तो तिला अजून पोरी म्हणायचा. आता सत्तरी ओलांडलेली, बायको आयना वारलेली, मूलबाळ नाही. होती ती शर्यतीची कबुतरं. गावाबाहेरच्या भाजीच्या वाफ्यांपाशी त्यानं त्यांच्यासाठी लाकडी खोली बांधली होती. ती त्याच्या घरापेक्षा स्वच्छ असे. पाकिटं येऊन पडली होती, त्यातलं एकही परत गेलं नव्हतं.

मार्लीन तिथं गेली तेव्हा मॅटी हातात खरवडणी घेऊन फळ्यांवर वाकला होता.

"ये पोरी. ही बघ, ही बघ." त्यानं फळीवरच्या विष्ठेकडे बोट दाखवलं. "घट्ट. गोल. वर पांढरी टोपी. याला म्हणतात तब्येत. रोज सकाळी हे बघितलं की पाखराला काही विचारायला लागत नाही."

"रोज बघता?"

"चहाच्या आधी. आणि शर्यती सुरू व्हायच्या आधी डबीत भरून वेटकडे पाठवतो. खाली यॉर्कशायरला. वेट म्हणजे कबुतरांचा डॉक्टर, तीस वर्षं त्याच्याकडे पाठवतोय. जंत असो, काही असो, बरोबर सांगतो माणूस."

मार्लीन त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे पाखरांची पोस्टानं पाठवता, आणि स्वतःची नाही?"

"पाखरं शर्यतीत उतरतात. मी कुठं उतरतोय?"

"काका."

"आणि ती तुमची काडी! एवढीशी! त्याच्यावर काय बसणार आणि त्यांना काय कळणार? वेटला चमचाभर लागते. त्याला काम येतं म्हणून लागते."

मार्लीननं नवं पाकीट त्याच्या फळीवर, मक्याच्या डब्याशेजारी ठेवलं. "मी दर शुक्रवारी येणार. हे इथून जाईपर्यंत."

आणि ती खरंच यायला लागली. येताना डुकराचं मांस भरलेला मोठा पाव आणायची, तो दोघं मिळून खायची, आणि जाताना ती पाकिटाकडे बघायची. मॅटीही बघायचा. त्या विषयावर दोघांचं बोलणं व्हायचं ते एवढंच. पाव संपला की मॅटी म्हणायचा, "तुझा बाप असा चिवट नव्हता हं," आणि मार्लीन म्हणायची, "आई होती."

एका शुक्रवारी पाकीट जागेवर नव्हतं.

"पाठवलं," मॅटी म्हणाला.

"खरं?"

"पोस्टात मी स्वतः टाकलं. भरलेली बाटली होती. तुझ्या आईची शपथ."

तिचा विश्वास बसला नाही. पण दोन आठवड्यांनी निकाल आला. मॅटी फेनविक, रक्त आढळलं नाही, पुढे काही करायची गरज नाही. मार्लीननं ते दोनदा वाचलं, डॉक्टरांना वाचायला लावलं, आणि संध्याकाळी घरी मनुक्यांचा केक भाजला. मॅटीचं नाव यादीतून गेलं तेव्हा तिला आपल्या बापालाच परत घरी आणल्यासारखं वाटलं. हे ती कुणाला बोलली नाही.

केक मॅटीनं दारातच घेतला. तिला आत बोलावलं नाही.

"रक्त नाही म्हणतात?" त्यानं विचारलं.

"नाही."

"हं," मॅटी म्हणाला. "बरोबर आहे त्यांचं."

तो जरा उतरल्यासारखा दिसला. मार्लीनला वाटलं, निकालाची धास्ती घेतली असेल, आता भरून येईल.

पुढच्या शनिवारी खाटकाच्या रांगेत तिला अर्नी भेटला. अर्नी कबुतरांच्या क्लबाचा सेक्रेटरी. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांची पाखरं क्लबात जमतात, त्यांची नोंद होते आणि ट्रक त्यांना घेऊन फ्रान्सकडे जातो; तिथून सोडली की जे आधी घरी पोचेल ते जिंकलं.

"तुझ्या मॅटीकाकाचं काय गं चाललंय?" अर्नी म्हणाला. "एक पाखरू पाठवलं नाही त्यानं यंदा. म्हणतो, आमच्यात आजार आहे, आमच्यापासून लांब राहा. मी त्याच्या खोलीत जाऊन आलो. सगळी पाखरं लोण्यासारखी तुकतुकीत! मग आजारी आहे कोण?"

मार्लीननं विकत घेतलेलं मटण तसंच काउंटरवर राहिलं.

मॅटीनं दार उघडलं नाही. मागच्या खोलीच्या खिडकीतून म्हणाला, "आत येऊ नकोस पोरी. मी वेगळा बसलोय."

"कुणापासून वेगळे?"

"सगळ्यांपासून."

ती मागच्या दारानं आत गेली. विनरिगमध्ये मागचं दार कुणीच लावत नाही. मॅटी पलंगावर बसला होता. शेजारी उकडलेल्या जवांचं भांडं आणि एक बाटली. तिनं वास घेतला. पाण्यात व्हिनेगर आणि लसूण.

"हे काय आहे?"

"औषध."

"कुणी दिलं?"

"वेटनं."

मार्लीन समोरच्या खुर्चीवर बसली. खिडकीवर बसून बसून तिला एक समजलं होतं: माणूस खरं सांगायला लागला की आपण गप्प बसावं.

"तू दर शुक्रवारी येणार म्हणालीस," मॅटी म्हणाला. "मग म्हटलं, करायचंच आहे तर धड करावं. माझी वेटच्या डबीत घातली. कबुतराची म्हणून."

"आणि आमच्या बाटलीत?"

"निळी मादी."

"काय?"

"निळी मादी. गेल्या साली फ्रान्सहून पहिली आली होती ती. म्हटलं, द्यायची तर चांगली द्यावी."

सरकारच्या यंत्राला फक्त माणसाचं रक्त ओळखता येतं, आणि निळ्या मादीच्या विष्ठेत ते नव्हतं. यंत्राचं काही चुकलं नव्हतं.

"वेटचा कागद आला. रक्त आहे, म्हणाला. पाखरू वेगळं ठेवा, नुसते जव द्या, पाण्यात व्हिनेगर आणि लसूण द्या, आणि पुन्हा नमुना पाठवा. तसंच केलं सगळं. पुन्हा पाठवला. मग त्याचा फोन आला. तीस वर्षांत कधी फोन केला नव्हता त्यानं."

"काय म्हणाला?"

"विचारलं, हे कबूतर किती वजनाचं आहे?"

"मग?"

"ऐंशी किलो म्हटलं. खोटं कशाला बोलू?"

"आणि तो?"

"मग म्हणाला, मिस्टर फेनविक, या रक्ताच्या पेशी पाखराच्या नाहीत, मी भिंगातून बघितल्यात. या कबुतराला पिसं नसणार. याला आजच्या आज डॉक्टरकडे न्या. बिल नको म्हणाला."

"हे कधीचं?"

"झाले काही दिवस."

"आणि तुम्ही इथं जव खात बसलात!" आता मात्र मार्लीनचा आवाज चढला. "वेटचं सगळं ऐकता, मग हे का नाही ऐकलं?"

मॅटी भांड्यातले जव चमच्यानं एका बाजूला सारत राहिला.

"रक्त पडणाऱ्या पाखराचं मी काय करतो, ते तू बघितलंयस," तो म्हणाला.

तिनं बघितलं होतं. लहान असताना, त्याच खोलीच्या दारात. एका हातात पाखरू, दुसऱ्या हाताची दोन बोटं, आणि क्षणात संपलेलं.

"माणसांचं तसं करत नाहीत, काका."

"तुझ्या बापाचं काय केलं?"

"काही नाही केलं. करण्यासारखं त्यांनी शिल्लकच ठेवलं नव्हतं." ती उठली आणि तिनं त्याचा कोट खुंटीवरून काढला. "सोमवारी सकाळी मी न्यायला येते. आणि तो केक कुठाय?"

"कपाटात. जवांशिवाय काही खायचं नाही म्हणाला होता."

"काढा बाहेर."

सोमवारी डॉक्टर इब्राहिमांनी संगणकाच्या पडद्याकडे बघितलं. "पण यांचा निकाल तर आत्ताच आलाय. स्वच्छ आहे."

"तो यांचा नाही," मार्लीन म्हणाली.

"मग कुणाचा?"

"कबुतराचा."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. गावात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते, पण काय विचारायचं आणि काय नाही, हे त्यांना कळायला लागलं होतं.

"कबूतर बरं आहे ना?"

"झकास आहे," मॅटी म्हणाला.

डॉक्टरांनी त्याचं पोट तपासलं, रक्त काढायला सांगितलं आणि त्याच्या हातात एक बाटली दिली. या वेळी मार्लीन संडासाच्या दारापर्यंत बरोबर गेली.

"तू इथंच उभी राहणारेस?" आतून आवाज आला.

"हो."

"मग रेडिओ तरी मोठा कर."

तिनं रेडिओ मोठा केला. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना त्या दिवशी समुद्रावरच्या वाऱ्याची आणि लाटांची सगळी माहिती मिळाली.

दुपारी तिनं तपासणीच्या केंद्राला फोन केला, आधीचा निकाल रद्द करा म्हणून. तिकडच्या बाईनं विचारलं, तो नमुना दुसऱ्या रुग्णाचा होता का? मार्लीन म्हणाली, हो. त्या रुग्णाचं नाव? नाव नाही, रंग निळा. तिकडची बाई म्हणाली, जरा थांबा, मी वरिष्ठांना देते. वरिष्ठांनीही आणखी वरिष्ठांना दिलं. शेवटी एक म्हातारा गृहस्थ फोनवर आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझे वडील पाळायचे. मी करतो दुरुस्त."

नव्या बाटलीतलं रक्त यंत्राला लगेच सापडलं. डॉक्टरांनी पत्र पाठवलं, आणि मॅटीला जिल्ह्याच्या इस्पितळात दुर्बिणीच्या तपासणीसाठी बोलावलं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध तो पितो की नाही ते बघायला मार्लीन त्याच्यासमोर बसली. ते औषध लसणीच्या पाण्यापेक्षा वाईट आहे, एवढंच त्याचं मत पडलं.

दुर्बिणीत गाठ दिसली. अक्रोडाएवढी होती. मॅटीनं ती समोरच्या पडद्यावर स्वतः बघितली आणि विचारलं, "किती दिवसांची असेल?" डॉक्टरीण म्हणाली, सांगता येत नाही, पण आतड्याच्या बाहेर गेलेली दिसत नाही, आलात ते बरं केलंत. मॅटीनं मान डोलावली. कुणामुळे आलो ते त्यानं सांगितलं नाही. वेट की मार्लीन, हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नसतं.

ऑपरेशन झालं. आतड्याचा तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडली. सर्जन म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, आता आतडं चालू होऊ दे. आणि आतडं चालू होईना. म्हणजे निदान तसं कागदावर दिसत होतं. अशा ऑपरेशननंतर आतडं जागं झालं की पोटातला वायू सरतो. म्हणून नर्स रोज सकाळ-संध्याकाळ येऊन विचारते. मॅटीला विचारलं की तो खिडकीबाहेर बघायचा. नर्स 'नाही' असं लिहायची. मग खायला मिळायचं नाही. जोड सुटला की काय, म्हणून सर्जन काळजीत पडले, आणि पोटाची आणखी एक तपासणी ठरवली. पोट पुन्हा उघडावं लागेल की काय, अशी भाषा सुरू झाली. हे मार्लीनला कळलं तेव्हापासून तिला झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यातल्या फोनची सगळ्यात गर्दीची वेळ होती. बाकावर माणसं दाटीनं बसली होती, खिडकीपुढे रांग होती. फोनवरच्या रांगेत आपला नंबर लागेपर्यंत मॅटी धरून राहिला होता.

"दवाखाना."

"मी मॅटी."

मार्लीन उभी राहिली. "काय झालं? बोला ना!"

"ती नर्स आहे ना, ती रोज विचारते."

"काय विचारते?"

"ते."

"मग सांगा ना तिला!"

"तिची-माझी ओळख नाही. विशीतली पोर आहे. तिला कसं सांगू?"

मार्लीननं फोन कानाला घट्ट धरला. "काका, वारा सरला का?"

बाकावरची सगळी माणसं मासिकं वाचायला लागली.

"पहाटेपासून," मॅटी म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. "कालही. आणि परवाही थोडा."

"परवापासून! आणि तुम्ही गप्प?"

"शेजारच्या पलंगावरच्या माणसाला माहीत आहे. तो काही बोलला नाही. सभ्य माणूस आहे."

"फोन द्या त्या नर्सला."

"काय सांगणारेस?"

"तुमच्यासमोर नाही सांगत. द्या."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग एक कोवळा आवाज आला, आणि मार्लीननं आपल्या नेहमीच्या आवाजात, अर्ध्या विनरिगच्या साक्षीनं, मॅटी फेनविकच्या पोटातून काय, कधी आणि कितीदा बाहेर पडलं ते तिला सांगितलं. नर्स हसली नाही. म्हणाली, बरं झालं तुम्ही सांगितलंत, डॉक्टरांना कळवते, आता यांना सूप देते.

फोन परत मॅटीकडे आला.

"दिलं का?"

"आणते म्हणाली."

"सावकाश खा."

"हो."

दोघंही जरा वेळ फोन धरून होती. मग मॅटी म्हणाला, "ठेवतो पोरी, इथं मागे माणसं थांबलीत," आणि त्यानं फोन ठेवला. मागे कुणी थांबलेलं नव्हतं. फोन त्याच्या पलंगाशीच होता.

मार्लीननं खिडकीची काच ओढून घेतली आणि रुमाल काढला. काचेमुळे आवाज बाहेर जात नाही, पण आतलं सगळं दिसतं, हे तिच्या लक्षात नव्हतं. रांगेत पुढे मिसेस प्रॉक्टर होती. तिनं मागे वळून रांगेकडे बघितलं, आणि मग पुष्कळ वेळ कुणीही काच वाजवली नाही.